क्यू हातात, यू नाही: हवी ती अक्षरं असलेले इंग्रजी शब्द सापडत नसतील तर

तक्रार जवळजवळ नेहमी दोनपैकी एका रूपात येते. पहिली: "माझ्याकडे ही पाच अक्षरं आहेत, ती घालून शोधलं तर एकही शब्द येत नाही." दुसरी अगदी उलट: "शोधलं तर शेकडो शब्द आले, त्यातला जो घातला तो खेळानं नाकारला." पणजीहून मडगावला जाणाऱ्या कदंब बसमध्ये मोबाइलवर वर्डल सोडवणारी मुलं असोत, की जुलैच्या पावसात घरात अडकल्यावर स्क्रॅबलचा बोर्ड मांडणारं फोंड्यातलं कुटुंब असो, अडतात सगळे इथेच. आणि मग आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजून गप्प बसतात.

मला हे मान्य नाही. इंग्रजी उत्तम असलेली माणसंही या खेळांत अडतात आणि जेमतेम शाळेपुरतं इंग्रजी आलेली मुलं सहज जिंकतात. बहुतेक वेळा दोष शब्दसंग्रहाचा नसतो. आपण शब्द कानानं शोधतो आणि खेळ मात्र कागदावरच्या अक्षरांनी चालतो, तिथे गाडी अडते. खालचे सगळे उपाय याच एका गोष्टीभोवती फिरतात. लेख देवनागरीत असल्यानं इंग्रजी शब्दांची अक्षरं मी त्यांच्या नावांनी, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिली आहेत. वाचताना ती रोमन लिपीत डोळ्यांसमोर आणा, किंवा जवळच्या कागदावर लिहून बघा.

आधी खेळ कोणता, ते बघा

"ही अक्षरं असलेला शब्द" या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न लपलेले असतात आणि प्रत्येक खेळ त्यातला एकच विचारतो.

स्क्रॅबलमध्ये प्रश्न असतो: माझ्या अक्षरांच्या सात सोंगट्यांतून, बोर्डावरचं एखादं अक्षर जोडीला घेऊन, काय जुळतं? इथे प्रत्येक अक्षर हातात जितक्या वेळा असेल तितक्याच वेळा वापरता येतं. वर्डलमध्ये लपलेला एक शब्द ओळखायचा, लांबी पाचच, प्रयत्न सहा आणि प्रश्न जागेचा: कुठलं अक्षर बरोबर जागी आहे (ते हिरवं होतं), कुठलं आहे पण दुसरीकडे (पिवळं), कुठलं नाहीच (राखाडी). न्यू यॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बीमध्ये सात अक्षरं दिलेली असतात, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, शब्द किमान चार अक्षरांचा हवा आणि एकच अक्षर कितीही वेळा वापरायची मुभा असते.

आता बघा, स्पेलिंग बी सोडवताना एखाद्यानं सोंगट्या जुळवणारं साधन उघडलं तर काय होईल? ते साधन प्रत्येक अक्षर एकदाच वापरणार. दोन एल, दोन ओ असलेले सगळे शब्द त्याच्या नजरेआड राहणार. माणूस म्हणणार, "यात शब्दच नाहीत." शब्द होते, प्रश्न भलत्याच खेळाचा विचारला होता. उलट स्क्रॅबलसाठी "ही अक्षरं असलेले शब्द" दाखवणारं साधन वापरलं तर ते तुमच्या हातात नसलेली अक्षरंही बिनदिक्कत घालून बारा-बारा अक्षरी शब्द देणार. म्हणून साधन कुठलंही असो, तीन गोष्टी तपासा: ते दिलेल्या अक्षरांबाहेरची अक्षरं घेतं का, अक्षरांचा क्रम पाळतं का, एक अक्षर पुन्हा वापरतं का. ही तीन उत्तरं तुमच्या खेळाशी जुळली तरच पुढे जा.

शोध रिकामा येतो तेव्हा

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण वर्डलमधल्या राखाडी रंगाचं आहे. समजा उत्तर आहे सी-आर-ए-एन-ई, म्हणजे क्रेन, आणि तुम्ही घातलं ई-ई-आर-आय-ई. उत्तरात ई एकदाच आहे, शेवटी. म्हणून तुमचा शेवटचा ई हिरवा होईल, आर पिवळा होईल आणि पहिले दोन ई राखाडी दिसतील. आता बरेच जण काय करतात, तर राखाडी दिसला म्हणून "नको असलेली अक्षरं" या रकान्यात ई टाकतात. त्याच वेळी शेवटच्या जागी ई हिरवा म्हणून भरलेला असतो. शेवटी ई हवा आणि ई कुठेच नको, असा शब्द जगात नाही. साधन रिकामं उत्तर देतं आणि ते बरोबरच असतं.

नियम असा लक्षात ठेवा: एकाच अंदाजात तेच अक्षर एकदा रंगीत आणि एकदा राखाडी आलं, तर राखाडीचा अर्थ "याहून जास्त वेळा नाही" एवढाच. शिवाय त्या राखाडी जागी ते अक्षर नाही, हेही कळतं. ते अक्षर नको असलेल्यांच्या यादीत कधीच जात नाही.

दुसरं कारण अगदी साधं, पण आपल्याकडे नेहमीचं. मोबाइलवर मराठी कळफलक चालू राहिलेला असतो, किंवा रोमन अक्षरं टाइप केल्यावर ती देवनागरीत बदलून टाकणारी सोय सुरू असते. शोधाच्या चौकटीत काय उमटलंय ते नीट बघा. कळफलकानं सुचवलेला शब्द बोटानं निवडला तर तो पाठीमागे एक रिकामी जागा सोडतो. ती डोळ्यांना दिसत नाही, पण काही साधनं तिला अक्षर समजतात. चौकट पूर्ण पुसून अक्षरं पुन्हा एकेक करून टाका. आपोआप दुरुस्ती करणारी सोयही तेवढ्यापुरती बंद करा, कारण क्यू-ए-टी असं टाइप केलं की ती त्याचं दुसरंच काहीतरी करून ठेवते.

कान मध्ये येतो

गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांतून शिकलेल्या बहुतेकांची वाट एकच आहे: चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. म्हणजे अक्षराची आपली पहिली कल्पना देवनागरीतून येते. देवनागरीत जे ऐकू येतं ते लिहिलं जातं आणि एका अक्षरात व्यंजनासोबत स्वरही बसलेला असतो. ही सवय उत्तम आहे, फक्त या खेळांत ती दोन ठिकाणी पाय अडकवते.

पहिलं ठिकाण मोजणीचं. "पाच अक्षरी शब्द सांग" म्हटलं की मन मराठी अक्षरं मोजायला लागतं. रेडिओ कानाला तीन अक्षरांचा वाटतो, पण आर-ए-डी-आय-ओ पाच अक्षरी आहे. क्वीन दोनच अक्षरांचा वाटतो, क्यू-यू-ई-ई-एन मात्र पाच. स्ट्रेंग्थ म्हणजे तोंडात दोन अक्षरं, कागदावर आठ: एस-टी-आर-ई-एन-जी-टी-एच. म्हणून सुरुवातीला शब्द मनात म्हणू नका. पाच रिकाम्या चौकोनांची ओळ काढा आणि एकेक अक्षर भरत जा. मुलांना शिकवताना तर हे करायलाच हवं.

दुसरं ठिकाण ध्वनीचं. न पासून सुरू होणारा शब्द हवा म्हटलं की आपण एन खालीच शोधतो. पण के-एन, जी-एन आणि पी-एन या जोड्याही न चाच आवाज देतात: के-एन-ई-ई-एल, जी-एन-ए-टी. र साठी आर आहेच, शिवाय डब्ल्यू-आर आणि आर-एच: डब्ल्यू-आर-आय-एस-टी, आर-एच-वाय-एम-ई. फ साठी एफ, पी-एच आणि शब्दाच्या शेवटी जी-एच: टी-ओ-यू-जी-एच. स साठी एस, सी, एस-सी, आणि पी-एस सुद्धा, जसं पी-एस-ए-एल-एम. श साठी एस-एच, पण सी-एच-ई-एफ मध्ये सी-एच आणि एस-यू-जी-ए-आर मध्ये नुसता एस. हातात के, एन, डब्ल्यू, एच अशी अक्षरं आली की लोक हिरमुसतात. खरं तर याच अक्षरांच्या मुक्या जोड्या होतात: के-एन-ओ-डब्ल्यू या एका शब्दात के आणि डब्ल्यू दोन्ही निकालात निघतात.

गोव्यातल्या माणसाला हे अवघड जायचं काही कारण नाही, असं मला मनापासून वाटतं. साखळीला जाणारा माणूस रस्त्यावरच्या पाटीवर एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम वाचतो आणि गोंधळत नाही. केप्याच्या पाटीवर क्यू-यू-ई-पी-ई-एम असतं, शेल्ड्याच्या पाटीवर एक्स-ई-एल-डी-ई-एम. पोर्तुगीज वळणाची ही स्पेलिंगं आपण लहानपणापासून चित्रासारखी ओळखतो. उच्चार एकीकडे, लिखाण दुसरीकडे, दोन्ही डोक्यात शेजारी शेजारी राहतात. तीच नजर खेळात वापरायची. फक्त एक सावधगिरी: रोमन कोंकणीच्या सवयीनं एक्स दिसला की आपल्याला श ऐकू येतो आणि शोध शब्दाच्या सुरुवातीपासून सुरू होतो. इंग्रजीत एक्स बहुतेकदा शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये असतो: बी-ओ-एक्स, एल-वाय-एन-एक्स, टी-ओ-एक्स-आय-सी. एक्स हातात आला की आधी शेवटची जागा बघा, मग मधली.

गावांची नावं स्क्रॅबलमध्ये चालत नाहीत, कारण विशेषनामं बाद असतात. तरीही जी-ओ-ए चालतो! तिबेटकडच्या एका हरणाला इंग्रजीत तेच नाव आहे. डी-ए-एम-ए-एन देखील चालतो, तो एक छोटा सस्तन प्राणी. 30 मे 1987 पर्यंत एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेल्या गोवा-दमण-दीवपैकी दोघं स्क्रॅबलच्या बोर्डावर बसतात, ही गोष्ट मुलांना सांगितली की ते दोन्ही शब्द ती जन्मात विसरत नाहीत.

शब्द सापडतो, पण खेळ घेत नाही

इथे खेळणारा आणि साधन दोघंही बरोबर असतात, फक्त याद्या दोन असतात. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रोकडे आहेत, बाकी जगात मॅटेलकडे. त्याचप्रमाणे शब्दांच्या याद्याही वेगळ्या: उत्तर अमेरिकेत त्यांची स्वतःची यादी, भारतासह बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या शब्दकोशाची. कॉलिन्सची यादी मोठी आहे. तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,496 शब्द आहेत. दोन अक्षरी शब्दच घ्या: त्या आवृत्तीत ते 127 आहेत, अमेरिकी यादीत त्याहून कमी. झेड-ओ कॉलिन्सला चालतो, अमेरिकेला नाही. फोनवरचा खेळ अमेरिकी यादीवर चालत असेल आणि शब्द शोधायचं साधन कॉलिन्सवर, तर नकार ठरलेलाच. साधनात यादी निवडायची सोय बहुधा कोपऱ्यात असते, ती आधी बदला.

वर्डलचा मामला आणखी वेगळा. जॉश वॉर्डल यांनी तो ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि जानेवारी 2022 मध्ये न्यू यॉर्क टाइम्सनं विकत घेतला. त्यात दोन याद्या असतात: अंदाज म्हणून घेतले जाणारे शब्द भरपूर, आणि उत्तर म्हणून येऊ शकणारे त्यामानानं थोडे, नेहमीच्या वापरातले. म्हणून एखादा विचित्र शब्द खेळ स्वीकारतो, पण तो उत्तर कधीच नसतो. साध्या नामाला एस लावून केलेलं अनेकवचन सर्वसाधारणपणे उत्तर म्हणून येत नाही. आणि स्पेलिंग अमेरिकी. आपण शाळेत एच-यू-एम-ओ-यू-आर शिकलो, पण 2022 मध्ये वर्डलचं उत्तर आलं होतं एच-यू-एम-ओ-आर. ओ-यू-आर नं संपणाऱ्या शब्दातला यू काढून तो पाच अक्षरी होतो का, हे बघायची सवय लावून घ्या. स्क्रॅबलमध्ये कॉलिन्स दोन्ही रूपं घेतं.

स्पेलिंग बीची यादी संपादक ठरवतात, त्यामुळे शब्दकोशात असलेला शब्दही कधी नाकारला जातो. त्यावर उपाय नाही. पुढचा शब्द शोधा. एस शोधत बसू नका, तो त्या कोड्यात जवळजवळ नसतोच.

घरी बोर्डावर खेळत असाल तर डाव मांडण्याआधी कुठला शब्दकोश प्रमाण ते बोलून घ्या. घरात शब्दकोश नसेल आणि पणजीला जाणं होणार असेल, तर पाट्टोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मोठे कोश निवांत चाळता येतात. 1832 मध्ये सुरू झालेली ही संस्था आहे. खेळाच्या निमित्तानं का होईना, मुलांना तिथे नेण्यासारखं आहे.

क्यू, झेड, जे, एक्स

ही चार अक्षरं आली की चेहरा पडतो, पण गुण सगळ्यात जास्त यांनाच: क्यू आणि झेडला 10, जे आणि एक्सला 8. शंभर सोंगट्यांत ही प्रत्येकी एकेकच असतात.

भाची परवा हेच विचारत होती: "मामा, क्यू आलाय आणि यू नाही. आता मी काय करू?" तिला जे सांगितलं तेच इथे. आधी बोर्डावर बघ, यू किती येऊन गेले. यू एकूण चार असतात. चारही बोर्डावर असतील तर वाट बघण्यात अर्थ नाही. एक तर कोऱ्या सोंगटीचा यू करायचा, नाहीतर यू शिवायचा शब्द शोधायचा. त्यात सगळ्यात उपयोगी क्यू-आय, दोन्ही याद्यांत चालणारा, चिनी परंपरेतल्या प्राणशक्तीसाठीचा शब्द. त्याला एस लागतो. मग क्यू-ए-टी, क्यू-ए-आय-डी, क्यू-ए-डी-आय, टी-आर-ए-एन-क्यू, एन-आय-क्यू-ए-बी, टी-ए-एल-ए-क्यू, क्यू-ए-एन-ए-टी. बी-यू-आर-क्यू-ए मध्ये यू आहे, पण क्यूच्या मागे नाही, आणि नुसतं क्यू-यू शोधणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. कव्वालीसुद्धा आहे: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, कॉलिन्सच्या यादीत. यातले बरेच शब्द अरबीतून आलेले, म्हणजे आपल्या कानाला ओळखीचे: काझी, बुरखा, तलाक, कव्वाली. स्पेलिंग तेवढं डोळ्यांत साठवायचं.

पिशवीत सात किंवा जास्त सोंगट्या शिल्लक असतील तर पाळी सोडून सोंगट्या बदलता येतात. डाव संपत आला आणि क्यू हातातच राहिला तर त्याचे 10 गुण वजा होतात. म्हणून उशिरा आलेला क्यू दुप्पट गुणांच्या चौकोनाच्या आशेनं अडवून ठेवू नका, मिळेल त्या जागी टाका.

झेडसाठी झेड-ए, जे साठी जे-ओ, एक्ससाठी ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. हे दोन अक्षरी शब्द पाठच करा. समांतर शब्द लावताना एकाच चालीत एक्स दोनदा मोजला जातो.

या खेळांत आपल्या मातीतले शब्द किती आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मला यात सगळ्यात जास्त आनंद वाटतो. एल-ए-के-एच, सी-आर-ओ-आर-ई, जी-एच-ए-टी, डी-एच-ए-आर-एन-ए, जी-एच-ई-आर-ए-ओ, के-एच-ए-डी-आय, बी-ए-जे-आर-ए, पी-यू-जे-ए, एच-ए-आर-टी-ए-एल. टी-ए-एम-ए-एस-एच-ए देखील कॉलिन्समध्ये आहे. एफ-ई-एन-आय, आपली फेणी, तीही. व्ही आणि ओ जमले असतील तर व्ही-आय-एन-डी-ए-एल-ओ-ओ, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला पदार्थ. तीन ओ हातात साचले असतील तर एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई बघा, आपल्या मुंगुसावरून इंग्रजीत गेलेला. आठ अक्षरी, म्हणजे हातातली सात आणि बोर्डावरचं एक. हातातल्या सातही सोंगट्या एका चालीत संपल्या की वर 50 गुण मिळतात.

शोधात हे शब्द सुटतात, कारण एकेकाची स्पेलिंगं तीन-चार आहेत. फकीर बघा: एफ-ए-के-आय-आर, एफ-ए-क्यू-आय-आर, एफ-ए-क्यू-यू-आय-आर, एफ-ए-के-ई-ई-आर, चारही चालतात. धोतीही डी-एच-ओ-टी-आय, डी-एच-यू-टी-आय, डी-एच-ओ-ओ-टी-आय अशी. एक स्पेलिंग बसत नसेल तर दुसरं बसवून बघा. एच नको असेल तर एच नसलेलं रूप, जास्तीचा ओ खपवायचा असेल तर दोन ओ चं.

नुसते स्वर, किंवा एकही स्वर नाही

स्वरच साचले तर ए-ए, ए-ई, ए-आय, ओ-ई, ओ-आय हे दोन अक्षरी, ई-ए-यू हा तीन अक्षरी, आणि ए-डी-आय-ई-यू, ए-यू-डी-आय-ओ, ए-ई-आर-आय-ई, ए-आय-ओ-एल-आय हे पाच अक्षरी. स्वर नसतील तर आधी वाय शोधा: एच-वाय-एम-एन, एम-वाय-टी-एच, सी-आर-वाय-पी-टी, एन-वाय-एम-पी-एच, टी-आर-वाय-एस-टी. वायही नसेल तर एस-एच-एच, एच-एम-एम, पी-एस-टी, एन-टी-एच, आणि सी-डब्ल्यू-एम, वेल्स भाषेतून आलेला एका प्रकारच्या दरीसाठीचा शब्द.

चार अक्षरं हिरवी, तरी डाव हातचा जातो

वर्डलमधला हा खरा सापळा, कारण इथे माणूस जिंकत आल्यासारखा वाटतो. शेवटी आय-जी-एच-टी पक्कं झालं, फक्त पहिलं अक्षर राहिलं. ई, एफ, एल, एम, एन, आर, एस, टी, यातलं कुठलंही चालतं. एकेक करून बघत गेलात तर प्रयत्न संपतील.

उपाय असा की एक प्रयत्न जिंकण्यासाठी न वापरता माहिती काढण्यासाठी वापरायचा. एफ-आय-एल-एम-एस घाला. हा शब्द बहुधा उत्तर नसणार, पण एका फटक्यात एफ, एल, एम आणि एस चारही तपासले जातात. त्यातलं एखादं पिवळं किंवा हिरवं झालं तर उत्तर मिळालं. काहीच झालं नाही तर ई, एन, आर, टी एवढेच उरतात, आणि त्यांना पुन्हा एकत्र तपासणारा शब्द घालता येतो. ए-टी-सी-एच आणि ओ-यू-एन-डी ही शेपटंही अशीच माणसाला घुमवतात. मात्र हार्ड मोड चालू असेल तर मिळालेली अक्षरं प्रत्येक अंदाजात वापरावीच लागतात आणि हा मार्ग बंद होतो. तिथे सुरुवातीलाच सावध राहायचं: दुसऱ्या अंदाजात आय-जी-एच-टी सारख्या गर्दीच्या शेपटाकडे जायचंच नाही.

पहिल्या अंदाजासाठी एस-एल-ए-टी-ई किंवा सी-आर-ए-एन-ई चांगले, कारण वर्डलच्या उत्तरांत ई, ए, आर, ओ, टी ही अक्षरं सगळ्यात जास्त येतात.

नेट गेलं तर: यादी आपल्या संगणकावर

पावसाळ्यात वीज आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही, आणि शब्द शोधायची बरीच साधनं जाहिरातींनी इतकी भरलेली असतात की शब्दापर्यंत पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. म्हणून माझा आग्रह असतो की शब्दांची एक यादी स्वतःच्या संगणकावर ठेवावी. एनेबल नावाची सुमारे 1 लाख 73 हजार इंग्रजी शब्दांची यादी सार्वजनिक मालकीची आहे, फुकट उतरवून घेता येते. एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळी मावतात, त्यामुळे जागेची चिंता नाही.

यादी आत घेताना रकान्याचा प्रकार टेक्स्ट असा निवडा. नाहीतर टी-आर-यू-ई आणि एफ-ए-एल-एस-ई हे दोन शब्द एक्सेल शब्द मानत नाही, खरं-खोटं अशा तार्किक मूल्यांत बदलून टाकतं, आणि मग ते शोधात सापडत नाहीत.

फिल्टर लावल्यावर खाली उघडणाऱ्या यादीत फक्त पहिले 10,000 वेगवेगळे शब्द दिसतात. तिथे बी च्या पुढे फारसं काही दिसत नाही म्हणून यादी अर्धवट आली असं समजून लोक ती पुन्हा पुन्हा उतरवत बसतात. यादी पूर्ण असते. टिचक्या मारायच्या त्या यादीऐवजी टेक्स्ट फिल्टर वापरा, ते सगळ्या ओळींवर चालतं.

दोन अक्षरं हवी असतील, क्रम कुठलाही, तर कस्टम फिल्टरमध्ये "कन्टेन्स" असे दोन निकष घाला आणि त्यांच्यामध्ये "अँड" निवडा. तिथे दोनच निकष बसतात. तीन-चार अक्षरं हवी असतील तर शब्दांचा रकाना शेजारी नकलून घ्या आणि उरलेले निकष त्या दुसऱ्या रकान्यावर लावा. दोन्ही फिल्टर मिळून चालतात. जागा पक्की असेल तर प्रश्नचिन्ह वापरा: एक प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर. पाच अक्षरी, दुसरा आर, शेवटी ई असा शब्द हवा असेल तर "इक्वल्स" मध्ये ? नंतर आर, मग ?? आणि ई. लांबीही आपोआप पाचच राहते. कितीही अक्षरं चालणार असतील तिथे * टाका.

डाव चालू असताना ही यादी उघडू नका, समोरच्यानंही उघडू नये. डाव संपल्यावर मात्र आपली अडलेली सात अक्षरं तिच्यात घालून बघाच. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात हातात असताना काही सुचलं नव्हतं आणि नंतर कळतं की त्यात आर-ई-टी-ए-आय-एन-एस, एन-ए-एस-टी-आय-ई-आर, एस-टी-ए-आय-एन-ई-आर असे कितीतरी शब्द होते. तसा एकदा सापडलेला शब्द पक्का डोक्यात राहतो.

डाव चालू असताना, साधन नसताना, हाताशी एकच युक्ती असते आणि ती चांगली आहे: सोंगट्यांची मांडणी बदलत राहा. एका रांगेत लावलेली अक्षरं मनात एकच उच्चार तयार करतात आणि कान पुन्हा मध्ये येतो. ती गोलात मांडा. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, एल-वाय अशी शेपटं बाजूला काढून उजवीकडे ठेवा, आर-ई आणि यू-एन डावीकडे, आणि मधल्या तीन-चार अक्षरांकडेच बघा. एस असेल तर तो शेवटपर्यंत राखून ठेवा. शंभरात चारच असतात, आणि दुसऱ्यानं लावलेल्या शब्दाच्या शेवटी एस जोडून आपला शब्द आडवा टाकता आला तर दोन्ही शब्दांचे गुण आपल्याला मिळतात.